आठवा कागद

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुमच्या शिकवणीचे गमतीदार अनुभव लिहा. हलकंफुलकं काहीतरी." हलकंफुलकं म्हटलं की मी सावध होते. समोरच्याला नक्की काय हवंय आणि तो काय लपवतोय, हे माझ्या डोक्यात आधी सुरू होतं. नवरा म्हणतो हा तुझा स्वभाव आहे. मी म्हणते हा माझा धंदा आहे. बावीस वर्षांत दोन्ही इतके मिसळून गेलेत की आता वेगळे करायला बसले तर माझंच काहीतरी कमी व्हायचं.

मी सिंगापुरात अमेरिकेचा इतिहास शिकवते. पुण्यात हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग "का?" म्हणून विचारतात. कारण सोपं आहे. इथली आपली काही मुलं अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळांत जातात. अकरावीच्या सुमाराला त्यांना कॉलेजच्या दर्जाचा एक इतिहासाचा विषय घेता येतो. मे महिन्यात त्याची एक मोठी परीक्षा असते, पाचपैकी गुण मिळतात, आणि तिकडच्या विद्यापीठात अर्ज करताना त्या गुणांना वजन असतं. बाप चांगी बिझनेस पार्कात, आई बँकेत, घरात आमटी-भात आणि मुलगा रडतोय तो कशावरून, तर अडीचशे वर्षांपूर्वी बोस्टनच्या बंदरात लोकांनी चहा का बुडवला यावरून. आईबापांना यातलं काही येत नसतं. गणित असतं तर बापाने बाह्या सरसावल्या असत्या. इथे तो नुसता दारात उभा राहून "नीट वाच" म्हणतो.

वर्षभर शिकवणारे इथे पुष्कळ आहेत. माझ्याकडे मुलं येतात ती एप्रिल निम्मा सरल्यावर, तोंड सुकलेली, पुस्तकाची पहिली साठ पानं वाचून झालेली आणि उरलेली नऊशे तशीच. मला ओळखतात तेच मुळी "शेवटच्या पंधरवड्याच्या बाई" म्हणून. आंग मो किओमधल्या आमच्या फ्लॅटचं जेवणाचं टेबल त्या दिवसांत आमचं राहत नाही.

आता या परीक्षेचं मर्म सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिच्यातला सगळ्यात अवघड प्रश्न असा असतो : मुलांना सात कागद देतात. कोणाचं पत्र, कोणाचं भाषण, एखादं व्यंगचित्र, एखाद्या वहीतली नोंद. ते वाचून तासाभरात निबंध लिहायचा. पण कागदात आहे ते उतरवलं तर गुण नाहीत. कागदावर संशय घ्यायचा. हे कोणी लिहिलं? कोणासाठी लिहिलं? लिहिणारा कुठे उभा होता? असं लिहून त्याचा काय फायदा होणार होता? मी पहिल्या दिवशी हे चार प्रश्न मुलांकडून घोकून घेते. आपल्या मुलांना घरी शिकवलेलं असतं की छापलेलं ते खरं. ते डोक्यातून काढायलाच माझे चार दिवस जातात.

आणि जे मी मुलांना कागदांबाबत शिकवते, तेच मी मुलांबाबत करते. एक मुलगा यायचा, त्याच्या नोट्स पाच रंगांच्या. बघून डोळे दिपावेत. मी वही घेतली आणि टेबलावर नुसती सोडली. वाचलेली वही वाचलेल्या ठिकाणी आपोआप उघडते. ही बंदच राहिली. रंगवण्यात त्याचा मार्च गेला होता. "कॅन लाह, मिस, ऑल इनसाइड ऑलरेडी," असं इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणून त्याने स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवलं. मी विचारलं, हिरवा रंग कशाचा? त्याला आठवेना.

दुसरा एक निबंध घेऊन आला तो इतका गुळगुळीत की हात ठेवला तर घसरावा. यंत्राकडून लिहून घेतला होता हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी त्यातला एक शब्द उचलला आणि म्हटलं, "याचा अर्थ सांग, मग पुढे जाऊ." पुढे गेलो नाही. तेव्हापासून माझा नियम : परीक्षा लॅपटॉपवर असली तरी माझ्याकडे लिहायचं कागदावर, पेनने. कागद चुगली करतो. स्वतः विचार करणारं मूल खोडतं, बाण काढतं, समासात कोंबतं. खाडाखोड नसली की समजावं, हे दुसरीकडून उतरवलेलं आहे. हा नियम मला कधीच फसवत नसे आणि मला त्याचा फार अभिमान होता.

पालकांची तऱ्हा आणखी वेगळी. आपण जिथे जातो तिथे 'आयएमपी' घेऊन जातो. कोणता प्रश्न पक्का येणार, हे कोणालातरी कुठूनतरी कळलेलं असतं अशी आपली बालपणापासूनची श्रद्धा. दर एप्रिलला व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी फिरते : 'यंदा हे येणारच'. कोणीतरी कोणाच्यातरी मेहुण्याकडून मिळवलेली. इतक्या वर्षांत ती एकदाही धड लागलेली नाही, पण पालक मला ती गुपचूप पाठवतात आणि खाली डोळा मारणारं चित्र टाकतात. जी गोष्ट आता सांगते आहे त्या वर्षी यादीत वर होतं : कापूस आणि गुलामगिरी. त्याखाली : गुलामगिरी संपल्यानंतरची दक्षिण.

त्याच वर्षी माझ्याकडे सांची आली.

सांची सोळा वर्षांची. नागपूरकडचं बौद्ध कुटुंब. आई प्रज्ञा नोव्हेनाला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये संशोधनाचं काम करते, वडील कामानिमित्त महिन्यातले वीस दिवस विमानात. मुलगी इथेच वाढलेली, शाळेत शिष्यवृत्तीवर. मराठी समजायची, बोलताना मात्र अडखळायची. पहिल्या दिवशी तिने लिहिलेलं पान मी अजून आठवू शकते, कारण त्यात आठवण्यासारखं काही नव्हतं. सनावळ्या बरोबर, बाकी ठणठणाट. मी म्हटलं, "हे सगळं झालं, पण का झालं?" ती म्हणाली, "मिस, मला तेच कळत नाही. इट जस्ट हॅपन्स." मुलगी प्रामाणिक वाटली. प्रामाणिक वाटणाऱ्यांची मी वेगळी नोंद ठेवते.

परीक्षेला दहा दिवस राहिले तेव्हा मी मुलांना सात कागदांचा सरावसंच दिला, कापसावरचा. घरी लिहून आणायचा, पेनने. त्यातला एक कागद मी स्वतः बेतला होता, जुन्या मळ्यांच्या नोंदवह्या असत त्या धर्तीवर. मळ्यावरचा मुकादम रोज संध्याकाळी प्रत्येकीने वेचलेला कापूस काट्यावर घालून लिहून ठेवतो, आणि एका बाईच्या नावापुढे शेरा मारतो : ही लबाड आहे, वजन वाढवायला ओला कापूस भरते. हा माझा सापळा होता. दरवर्षी नव्वद टक्के मुलं मुकादमावर विश्वास ठेवतात आणि लिहितात, 'गुलाम अशा प्रकारे फसवणूक करत.'

सांचीने लिहिलं होतं ते इंग्रजीत, पण मी मराठीत सांगते. यंत्र आलं आणि सरकी काढणारी बोटं मोकळी झाली. बोंडातून कापूस ओढणारी बोटं मोकळी झाली नाहीत, उलट जास्त लागायला लागली. मग त्या शेऱ्याबद्दल : पहाटेचा कापूस दहिवराने ओलाच असतो. वेचायला पहाटे पाठवतात ते मालकच. संध्याकाळपर्यंत तो वाळतो आणि वजन उतरतं, ते वेचणारीच्या माथी. आणि पुढे : 'मुकादम तिला लबाड म्हणतो, कारण काटा त्याच्या हातात आहे. तिच्या हातात काटा असता तर तिने काय लिहिलं असतं, हे आपल्याला कधीच वाचायला मिळणार नाही.'

मी ते पान दोनदा वाचलं. पहिल्यांदा आनंदाने. दुसऱ्यांदा मी खाडाखोड शोधत होते.

एकही नव्हती. चार पानं, स्वच्छ. दहिवराची गोष्ट तिच्या पाठ्यपुस्तकात नाही, माझ्या नोट्समध्ये नाही. यीशुनच्या अकराव्या मजल्यावर वाढलेल्या मुलीने कापसाचं झाड कधी पाहिलं असणार? विषय नेमका त्या यादीतला. दहा दिवसांपूर्वी 'का' कळत नव्हतं आणि आज हे? माझ्या चार प्रश्नांची चार उत्तरं मी मनाशी भराभर लिहून टाकली. कोणीतरी पक्क्या प्रश्नांबरोबर पक्की उत्तरंही विकत होतं, आणि या मुलीने ती घेतली होती. मी लाल पेन उचललं आणि वरच्या समासात मराठीत लिहिलं : 'हे तुझं नाही. कोणाचं आहे?' खाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी मी तिला सापळ्यात घेतलं. कागद परत न देताच यादीतला दुसरा विषय पुढे केला, गुलामगिरी संपल्यानंतरची दक्षिण. म्हटलं, इथे बस, माझ्यासमोर, चाळीस मिनिटं. बाकीची मुलं आपापलं लिहीत होती. सांचीने पेन धरलं आणि ओठ हलवायला लागली. मी म्हटलं, "मनात." तिने ओठ मिटले. पंधरा मिनिटांनी तिची तीन वाक्यं झाली होती, तिन्ही खोडलेली. मग एक ओळ लिहिली, 'माणसं सुटली, जमीन ज्याची होती त्याचीच राहिली,' आणि तिथेच थांबली. तेवढी ओळ खरं तर अख्ख्या निबंधाला पुरली असती. पण मी शोधत होते तो पुरावा मला मिळाला होता, आणि पुरावा मिळाला की माणूस पुढचं वाचत नाही.

मी तो लाल शेऱ्याचा कागद तिच्यासमोर ठेवला. तिने वाचला. तिला देवनागरी वाचायला वेळ लागतो. एकेक अक्षर लावत गेली. तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही, कारण त्या वेळी मी त्याचाही अर्थ माझ्या सोयीने लावला होता. ती फक्त म्हणाली, "मिस, आय सेड इट फर्स्ट. देन आय रोट." आधी बोलले, मग लिहिलं. मला वाटलं, काहीतरी सारवासारव. तिने दप्तर भरलं आणि गेली. कागद टेबलावरच राहिला.

मी तिच्या आईला फोन केला. सभ्य शब्दांत सांगितलं की सांची जे लिहून आणते ते सांचीचं नाही.

"मॅडम, घरात दुसरं कोण लिहिणार?" प्रज्ञा म्हणाली. "मी सातला घरी येते. तिचे बाबा जकार्ताला आहेत. माझे सासरे आलेत हिंगणघाटहून, पण ते जन्मभर जिनिंगमध्ये होते, त्यांना इंग्रजी येत नाही."

हे वाक्य मी नुसतं कानांनी ऐकलं. जिनिंग म्हणजे सरकी काढायचा कारखाना. हे मला माहीत होतं; मी त्या यंत्रावर दरवर्षी दोन तास बोलते. पण जिनिंगमधला म्हातारा माझ्या विषयाबद्दल काही सांगू शकेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी म्हटलं, "मग तिचा फोन आणि लॅपटॉप तपासा."

ती हळू आवाजात म्हणाली, "हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे, मॅडम. 'हे तुझं नाही.' मला बारावीत म्हणाले होते, इंजिनिअरिंगला म्हणाले, पीएच.डी.लाही म्हणाले. मी दर वेळी सिद्ध करून दाखवलं. आता माझ्या मुलीने खरंच काही केलं असेल तर ती परीक्षेला बसणार नाही. आमच्या घरात खोटं करून काही नको. मी उद्या शाळेला कळवते."

फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं, पण आपण बरोबर आहोत याचं समाधान त्याहून मोठं होतं. माझ्या आडनावाच्या माणसांना 'हे कोणाचं?' हा प्रश्न जन्मात कोणी विचारत नाही. माझे वडील, आजोबा, पणजोबा मास्तर. मी काहीही लिहिलं तरी लोक म्हणणार, घरातच आहे. हे मला तेव्हा सुचलं नाही. आता सुचतं, आणि फार उशिरा सुचतं.

सांची दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी मार्केटमधून भाजी घेऊन येत होते. आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलं आहेत, तिथे म्हातारे चिनी आजोबा पटावर खेळत बसतात. त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक आपले आजोबा बसले होते. पांढरा शर्ट, पायजमा, हातात घट्ट धरलेली चिठ्ठी. मला पाहून उभे राहिले.

"तुमीच त्या इतिहासाच्या बाई न? मी सांचीचा आबा. एमारटीच्या रेल्वेनं आलो, एकटाच. पोरीनं लिहून देल्लं, कुठं उतराचं ते."

मी त्यांना वर चला म्हटलं. ते म्हणाले, इथंच बरं आहे. बसलो. माझ्या पिशवीतली शेपू टेबलावर वाळत होती.

"माह्या नातीनं नक्कल नाही केली, बाई. तिची माय सोमवारी शाळेत कागद देणार हाय, पोरगी परीक्षेले बसत नाही म्हणून. गुरुवारीच देणार होती, तिले सुट्टी नाही भेटली. त्याच्या आधी मले विचारा, काय विचाराचं ते."

मग त्यांनी सांगितलं. रोज दुपारी सांची शाळेतून आली की ते तिला विचारायचे, आज काय शिकली? इंग्रजी त्यांना कळायचं नाही, म्हणून ती मोडक्यातोडक्या मराठीत सांगायची. ती सांगायची, ते मधेच अडवायचे. अमेरिकेत कापूस होतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "म्या म्हटलं, सरकी कोण काढे? ते म्हणे, मशीन. मंग वेचे कोण? ते म्हणे, गुलाम. म्या म्हटलं, कसे वेचत? ते म्हणे, पुस्तकात नाही. म्या म्हटलं, असं कसं नाही? वेचल्याबिगर मशीनीत जाईन कसा?" मग त्यांनी तिला सांगितलं ते त्यांच्या आईचं. ती दुसऱ्याच्या वावरात वेचायला जायची. पहाटे दहिवर असतानाच वावरात हजर राहावं लागे, नाही गेली तर दुसरी ठेवत. संध्याकाळी काट्यावर मुकादम म्हणे, ओला आहे, आणि वजनातून कापे. "वाळल्यावर बी कापे. माही माय कधी बोलली नाही त्याले. घरी येऊन बोले."

पोरगी मग सगळं पुन्हा त्यांना बोलून दाखवायची, पहिल्यापासून, मराठीत. त्यांना पटेपर्यंत. पटलं की आत जाऊन इंग्रजीत लिहायची, एका दमात. खाडाखोड व्हायची ती बोलतानाच होऊन जायची.

आता वाचकांना वाटेल की इथे मी विरघळले. नाही. मी त्यांनाही तपासलं. मनात म्हटलं, याला पढवून पाठवलं असेल तर? मी विचारलं, "आजोबा, तिकडचे गुलाम सुटले. पुढे काय झालं असेल?" हे मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "जमीन कोनाच्या नावावर राहिली?" त्यांनी मलाच उलट विचारलं.

मी म्हटलं, "ज्यांची होती त्यांच्याच."

"मंग काय झालं असन, बाई? त्याच वावरात गेले असतीन वेचाले."

सांचीची ती ओळ माझ्या डोळ्यांपुढे आली. ओठ हलवू नको म्हणून मी जिला गप्प केलं होतं, तिने घशात अडकलेलं तेवढं एक वाक्य कागदावर उतरवलं होतं. मला लाज वाटली. भर दुपारी, शेजारच्या टेबलावर सोंगट्यांचा खटखटाट चालू असताना, साठीची बाई मी, मान वर करवेना.

आबांनी चिठ्ठीची घडी खिशात ठेवली. जाताना एवढंच विचारलं, "त्यायच्याकडं बी असंच होतं काय बाई, खरंच? मले वाटे आमच्याकडंच."

त्याच संध्याकाळी मी यीशुनला गेले. तीन स्टेशनं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या शेजारी निळ्या कोटातला, चष्मा लावलेला, हातात पुस्तक धरलेला तो फोटो. प्रज्ञाने दार उघडलं, पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. मी उभ्यानेच सांगितलं की मी चुकले, सांचीने काही केलेलं नाही, शाळेला काही कळवू नका. प्रज्ञा म्हणाली, "मला नका सांगू, तिला सांगा."

सांची खोलीतून बाहेर आली. मी तिची माफी मागितली. मराठीत मागितली, मग तिला कळलं नसेल म्हणून इंग्रजीत मागितली.

"मिस," ती म्हणाली, "तुम्ही आम्हाला सांगता, आस्क हू रोट इट, फॉर हू, व्हाय. यू नेव्हर आस्क मी. यू जस्ट राइट ऑन टॉप."

मी तिला उरलेल्या चार दिवसांसाठी वर्गाला ये म्हटलं. ती नाही म्हणाली. आबांपुढे बोलून करीन, म्हणाली. मी विचारलं, मी येऊन बसले तर चालेल का? तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबा म्हणाले, "बसू दे. पण मधी बोलाचं नाही, बाई."

ते चार दिवस मी दुपारी यीशुनला जाऊन एका प्लास्टिकच्या खुर्चीत गप्प बसले. मुलगी येरझाऱ्या घालत अमेरिकेचं यादवी युद्ध, रेल्वे, संप, मंदी आणि नागरी हक्कांचे मोर्चे नागपुरी-इंग्रजी मराठीत सांगत होती आणि एक म्हातारा तिला दर दोन मिनिटांनी "काहून?" म्हणून अडवत होता. मी इतक्या वर्षांत याच्याहून चांगला पंधरवडा कोणाचा करून दिलेला नाही. दोन ठिकाणी तिची साल चुकली. मी जीभ चावून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच दुरुस्त केली.

ती परीक्षेला बसली. कापूस आला नाही. यादी नेहमीसारखीच खोटी निघाली.

जुलैत निकाल लागतो. सांचीने मला कळवला नाही, मीही विचारायचं धाडस केलं नाही. पण एक दिवस हिंगणघाटहून फोन आला. आबा परत गेले होते. "बाई, पाचातले चार भेटले पोरीले. चांगलं हाय म्हनते ते." मग म्हणाले, "पण एक काहून कापला असन वो?"



तो लाल शेऱ्याचा कागद माझ्याकडेच राहिला होता. मी तो बरेच महिने कपाटात ठेवला. टाकवेना, बघवेना. पुढच्या एप्रिलमध्ये सरावसंच काढताना मनात एक गोष्ट आली, म्हणून सांचीला निरोप पाठवला, तुझा कागद वर्गात वापरू का? उत्तर आलं : "कॅन. माझं नाव नको. तुमचं टाका."

म्हणून आता माझ्या कापसाच्या संचात सातऐवजी आठ कागद असतात. आठवा म्हणजे तिच्या निबंधातला तो मुकादमाचा परिच्छेद, आणि त्याच्या डोक्यावर माझा लाल शेरा, खालच्या दोन रेघांसकट, इंग्रजीत भाषांतर करून. खाली शेरा लिहिणाऱ्याचं नाव असतं, माझं. मी मुलांना काही सांगत नाही. चार प्रश्न विचारा, एवढंच म्हणते, आणि टेबलाच्या टोकाला बसते.

पहिल्या वर्षी मुलं बिचकली. कागदाकडे बघत, मग माझ्याकडे, मग एकमेकांकडे. शेवटी एका मुलीने पेन खाली ठेवलं आणि चाचरत म्हणाली, "मिस, सॉरी हं, पण हा सोर्स... धिस वन कॅनॉट ट्रस्ट."

"का ते लिही," मी म्हटलं. "गुण त्याचेच आहेत."